पिवळ्या चौकोनातले पाच दिवस

कुणी काम करत असताना मला नुसतं बघत उभं राहता येत नाही. हा माझा मोठा गुण आहे असं मी बरीच वर्षं समजत होते आणि चारचौघांत तसं सांगतही होते. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी एका मोठ्या मोटार कंपनीत सहा महिने काम शिकायला गेले, तेव्हा याच गुणाने मला तोंडावर पाडलं. आज ती हकिकत मी मान ताठ ठेवून सांगते. तेव्हा मात्र पाचावर धारण बसली होती.

आमचं गाव जुन्नरच्या पश्चिमेला, घाटघरच्या अलीकडे, डोंगराच्या अंगाला. भात, नाचणी, थोडी वरई. सपाट जमीन देवाने आम्हाला दिली नाही, ती आम्ही केली. उन्हाळ्यात आमच्याकडे पडकई असते. म्हणजे आज एकाच्या उतारावर सगळं गाव जमतं, पहारीने दगड काढतं, बांध रचतं, माती ओढून भाताचं खाचर तयार करतं. उद्या दुसऱ्याच्या, परवा तिसऱ्याच्या. ज्याचं काम, त्याच्या घरी त्या दिवशी सगळ्यांचं जेवण. त्यात एक नियम आहे, जो कुणी शिकवत नाही. आपला तुकडा उरकला म्हणून बसायचं नाही. शेजारच्याचा मागे पडला असेल तर न बोलता तिकडे सरकायचं. ‘येऊ का मदतीला?’ असं विचारायचंही नाही, कारण विचारलं की त्याचं मागे पडणं सगळ्या डोंगराला कळतं. मी सातवीत असताना एकदा कमरेवर हात ठेवून उभी राहिले होते, तर वडिलांनी वरून हाक मारली, “काय गं, तू काय तलाठी हायेस का?” सगळे खो खो हसले. मी रागाने लाल झाले, कुदळ उचलली, आणि त्यानंतर कुणाच्या कामाशी कधी हात बांधून उभी राहिले नाही.

आमचं कॉलेज तालुक्यातलं. पुण्याच्या कॉलेजांतून मुलं घ्यायला कंपन्यांची रांग लागते, आमच्या फाटकातून आत येतात ती एसटी चुकलेली मुलं. या कंपनीने आमच्याकडून पहिल्यांदाच विद्यार्थी घेतले, तेही दोनच, ‘बघू या’ म्हणून. निघताना विभागाच्या सरांनी आम्हा दोघांना बजावलं, “तुम्ही नाव राखलंत तर मागच्यांना रस्ता आहे. नाही राखलंत तर ही कंपनी पुन्हा आपल्याकडे ढुंकून बघणार नाही.” मागच्या वर्गात आमच्याच डोंगरातल्या चार मुली होत्या. त्या फाटकापर्यंत सोडायला आल्या होत्या, आणि मी लढाईला निघाल्यासारखी त्यांच्याकडे बघून हात हलवला होता.

दुसरा विद्यार्थी घोडेगावचा. राजस्थानातून पिढ्यांपूर्वी आलेलं जैन घर, आजोबांपासूनचं कापडाचं दुकान, आणि मराठी माझ्यापेक्षा शुद्ध. कंपनीच्या कॅन्टीनमध्ये तो भाजी चमच्याने चाळत बसायचा, कांदा आणि बटाटा बाजूला काढायचा आणि ताटात काहीच उरलं नाही की दहीभात घ्यायचा. मी त्याला म्हणायचे, “तू जेवायला येतोस की तपासणीला?” तो रंगखात्यात होता, मी जोडणीच्या लाइनवर.

कंपनी चाकणच्या बाजूला. आम्ही मंचरला वेगवेगळ्या ठिकाणी खोल्या घेतल्या होत्या, कारण कंपनीची बस तिथून सुटायची. पहिल्या दिवशी राखाडी शर्ट, टोपी आणि लोखंडी टोकाचे बूट मिळाले. बूट एक नंबर मोठे होते, पण बदलून मागितले नाहीत. दिलेले परत घेतले तर काय, अशी भीती. गेटबाहेर फोटो काढून घरी पाठवला. आईने तो वस्तीत घरोघर दाखवला. एका म्हातारीने विचारलं म्हणे, “पोलिसात लागली का?” आई म्हणाली, “त्याच्या बी वर.” 

पहिले चार महिने या खात्यातून त्या खात्यात गेले. नोव्हेंबर सरता सरता मला दरवाज्यांच्या लाइनवर धाडलं. तिथल्या इंजिनिअर साहेबांना आम्ही सर म्हणायचो. नागपूरकडचे, पस्तिशीचे, बोलणं कमी आणि बघणं जास्त. त्यांनी माझ्या हातात एक स्टॉपवॉच आणि कोऱ्या तक्त्यांचा गठ्ठा दिला आणि कामाची गोष्ट समजावून सांगितली.

गाडी तयार झाली की तिच्यावर पावसासारखं पाणी सोडतात आणि आत गळतं का ते बघतात. गेल्या महिन्यापासून सकाळच्या पाळीच्या काही गाड्यांत मागच्या डाव्या दरवाज्यातून पाणी झिरपत होतं. दरवाज्याच्या चौकटीला सगळीकडून रबराची पट्टी बसवलेली असते. ती कुठेतरी नीट बसत नव्हती. सरांना एवढंच हवं होतं, की पट्टी बसवणाऱ्या माणसाला वेळ पुरतो की नाही. दर तासाला दहा गाड्या मोजायच्या आणि किती सेकंद लागले ते लिहायचं. बस.

लाइनवर गाडी थांबत नाही, हळूहळू सरकत राहते. दीड मिनिटात ती आपल्या हद्दीतून पुढे जाते, आणि तेवढ्यात आपलं काम झालं पाहिजे. हद्द जमिनीवर रंगाच्या पट्ट्यांनी आखलेली. डोक्यावर एक दोरी असते. अडलं की ओढायची. ओढली की मोठ्या फलकावर आपल्या जागेचा नंबर लागतो, एक धून वाजते आणि टीम लीडर धावत येतो.

पट्टी बसवणाऱ्या ताई माझ्याच बसला असायच्या. माहेर घोडेगावच्या वरच्या अंगाला, सासर मंचरला, वय चाळिशीचं. या जागेवर त्यांना दोन वर्षं झाली होती. दोन्ही अंगठ्यांना पांढरी चिकटपट्टी गुंडाळून त्या कामाला लागायच्या. आधी वरचा कोपरा, मग बाजू, मग खालचा कोपरा, दर बोटभर अंतरावर अंगठ्याने दाब. खालच्या कोपऱ्यापाशी येईस्तोवर गाडी हद्द ओलांडायला लागलेली असायची. ताई गाडीबरोबर चालत चालत पट्टी दाबायच्या, कपाळावर घाम, डिसेंबरच्या गारठ्यात.

पहिल्या दिवशी मी तीन गाड्या मोजल्या. चौथ्या गाडीला ताई वरच्या कोपऱ्यात अडकल्या होत्या, आणि माझे हात मोकळे होते. घड्याळ गळ्यात सोडलं, पुढे झाले आणि खालचा कोपरा दाबून टाकला. ताईंनी वर बघितलंही नाही, फक्त थोड्या सरकून मला जागा दिली. आमच्याकडे अशीच जागा देतात. ऐंशी सेकंदांत काम झालं. तक्त्यावर मी लिहिलं, ऐंशी.

आता हे वाचून कुणीही म्हणेल, एवढी इंजिनिअर होणारी मुलगी, तिला कळत नव्हतं? खरंच कळत नव्हतं. मला वाटत होतं, काम ऐंशी सेकंदांत झालं, मग ऐंशीच लिहायचं. ते दोघींनी मिळून झालं हे लिहायला तक्त्यात रकानाच नव्हता. आणि पडकईत शेजारच्याचा बांध आपण लावला, तर तो आपण लावला असं कुणी सांगत फिरत नाही. टीम लीडरने एक-दोनदा बघितलं, पण त्याचंही काम निर्वेध चाललं होतं, तो कशाला बोलेल? मी दर तासाला यायचे, दहा गाड्यांना हात लावायचे, दहा सुंदर आकडे लिहायचे आणि पुढच्या तासापर्यंत बाजूला व्हायचे. ताई पुन्हा एकट्या. असे बारा दिवस गेले. तक्ते इतके नेटके झाले होते, की मी ते सरांना देताना मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

शनिवारी सकाळच्या मीटिंगला सर फलकापाशी उभे राहिले. लाइनचे दहा-बारा लोक गोल करून. सर म्हणाले, “वेळेचा अभ्यास झाला. वेळ पुरतो, उलट दहा सेकंद उरतात. तरीही पाणी येतंय. म्हणजे काम निष्काळजीपणे होतंय. सोमवारपासून त्या जागेवर माणूस बदला. त्यांना गोदामात पाठवा.”

ताई माझ्या शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी टोपी पुढे ओढली आणि जमिनीकडे बघत राहिल्या. ताई ठेकेदाराकडून आलेल्या. अशा माणसाला गोदामात पाठवलं, की दोन-तीन महिन्यांनी तो कंपनीत दिसत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. मी तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं. त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे ताई नव्हत्याच, कॉलेजचं फाटक होतं आणि तिथे उभ्या असलेल्या चार मुली.

दुपारी कॅन्टीनमध्ये मी घोडेगावच्या त्या दोस्ताला सगळं सांगितलं. म्हटलं, “बोलले तर आपली पाठवणी. आपण दोघं गेलो, वर कॉलेजचं दार बंद. झाकली मूठ सव्वा लाखाची, मी गप्प बसते.” त्याने भाजी चाळणं थांबवलं. म्हणाला, “आमच्या दुकानातून चुकून फाटकं लुगडं गेलं ना, तर आजोबा त्या गिऱ्हाइकाच्या घरी जातात. गिऱ्हाईक दुकानात यायच्या आत.” मी म्हटलं, “लुगडं बदलून देता येतं.” तो म्हणाला, “तुझं पण येतं. आजचा दिवस आहे अजून.” मला त्याचा भयंकर राग आला. माझं ताट तसंच टाकून मी उठले. रागात मला चांगलं सुचतं, हा माझा आणखी एक गुण, आणि याबद्दल मात्र मी अजून खात्रीने बोलू शकते.

सर लाइनच्या टोकाला टेबलापाशी होते. टीम लीडर होता, आणखी दोघं होते. वाटेत मी चार वाक्यं जुळवली होती, ती सगळी पळाली.

“सर, ते आकडे खोटे आहेत.”

“कुणाचे?”

“माझेच. ताईंना वेळ पुरत नाही. मी मोजताना खालचा कोपरा मी बसवत होते. बाराही दिवस.”

सरांनी गठ्ठ्यातला वरचा तक्ता उचलला. मग म्हणाले, “घड्याळ गळ्यात अडकवून हात लावायचा होता, तर घड्याळ घेतलंस कशाला?”

“सर, त्यांचं होत नव्हतं. बघवत नव्हतं.”

“मदत करणं वाईट नाही. पण तू मदत केलीस, म्हणून त्यांना अडचण आहे हे कुणालाच कळलं नाही. मला नाही, आणि तुलाही नाही. मी आज एका बाईला निष्काळजी म्हटलं, ते तुझ्या कागदावरून.”

हे बरोबर होतं, आणि बरोबर होतं म्हणून मला जास्तच झोंबलं. माझी जीभ सुटली. “मग सर, तुम्ही पण एकदा ते रबर अंगठ्याने बसवून बघा ना. कागदावरून काय कळतं?” टीम लीडरने डोळे मोठे केले. मी मनातल्या मनात मंचरच्या खोलीतलं सामान आवरायला घेतलं.

सरांनी ड्रॉवरमधून लाल पेन काढलं, गठ्ठा माझ्यापुढे सरकवला आणि प्रत्येक तक्त्यावर ‘रद्द’ लिहून सही करायला लावली. सगळ्यांदेखत, एकेक कागद. सह्या झाल्यावर म्हणाले, “रबर मी बसवून बघीन. आधी तू पाच दिवस खरं मोजून आण. माणूस बदलायचं तोवर थांबवतो. तुझ्या कॉलेजला काय कळवायचं, ते पाचव्या दिवशी ठरवू.” मग त्यांनी पिवळी चिकटपट्टी मागवली आणि ताईंच्या हद्दीशेजारी जमिनीवर हातभर लांबी-रुंदीचा चौकोन स्वतः आखला. “यात उभं राहायचं. पाय बाहेर पडला, की तो दिवस रद्द.”

बसमध्ये ताईंच्या शेजारी बसून मी सगळं कबूल केलं. मला वाटलं, त्या रडतील किंवा बोलतील चार शब्द. त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या आणि पेठचा घाट चढल्यावर म्हणाल्या, “तू आली तवा मला बरं वाटलं व्हतं. म्हणलं, आपल्याकडची पोरगी हाय. आता तू नुसती हुबी ऱ्हा. माझं मला करू दे. पन लिवशील ते खरं लिव.”

सोमवारचा तो पहिला दिवस मी कधी विसरणार नाही. लोकांना वाटतं, अवघड काम म्हणजे दगड फोडणं. दगड मी फोडले आहेत. एका बाईचे अंगठे सुजताना दोन हातांवरून बघत उभं राहणं त्याहून अवघड आहे. एकशे दहा सेकंद. एकशे बारा. एकशे सात. माझा उजवा पाय दोनदा आपोआप उचलला गेला आणि मी तो परत आत आपटला. हात पाठीमागे बांधले, तर लिहिता येईना. शेवटी तक्त्याची पाटी छातीशी इतकी घट्ट धरली, की खोलीवर गेल्यावर बरगडीवर वळ दिसला. पाच-सहा गाड्यांनंतर मी ओरडले, “ताई, दोरी ओढा!” त्या दाबता दाबता म्हणाल्या, “वडली का समद्यांना कळतंय कोन मागं पडलं. मरू दे.” मी म्हटलं, “कळू दे ना! नाय कळलं म्हणून तर हे झालं.” ताईंनी माझ्याकडे एकदा रोखून पाहिलं, हात वर केला आणि दोन वर्षांत पहिल्यांदा दोरी ओढली. धून वाजली, फलकावर नंबर लागला, सगळी लाइन वळून बघायला लागली. टीम लीडर पळत आला आणि त्याने खालचा कोपरा बसवला. आभाळ काही कोसळलं नाही. त्या सकाळी ताईंनी ती सोळा वेळा ओढली. शेवटी शेवटी तर जरा जोरातच ओढायला लागल्या.

आणि मग दुसऱ्या दिवशी मला दिसलं. हात लावायची सोय नव्हती, त्यामुळे डोळ्यांना दुसरं कामच नव्हतं. पट्ट्या एका उंच ट्रॉलीवर हुकांना टांगलेल्या असायच्या. ताई समोरची पट्टी उचलत नव्हत्या. त्या हात आत घालायच्या, एक पट्टी मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवायच्या, परत ठेवायच्या, त्यामागची घ्यायच्या. बारा दिवस मी त्यांच्या खांद्याला खांदा लावून होते आणि हे मला दिसलं नव्हतं. चहाच्या सुटीत विचारलं.

“भायेरचं रबार गार आसतंय गं,” ताई म्हणाल्या. “कडक. अंगठा मोडला तरी आत बसत न्हाई. आतल्या बाजूचं जरा मऊ आसतं, ते हुडकते. धा वाजल्यावर समदंच मऊ व्हतं.”

ट्रॉली उभी होती मालट्रक लागतात त्या शटरच्या तोंडाशी. रात्रभर शटर अर्धं उघडं, बाहेर डिसेंबर. मी तक्ता उलगडला. सात वाजता एकशे दहा, आठला एकशे चार, नऊला शहाण्णव, दहानंतर शहाऐंशी. आकडे जिना उतरावा तसे उतरत होते आणि दोन्ही दिवस तसेच. गळती सकाळच्याच गाड्यांत होती, आणि थंडी पडल्यापासून होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा. ज्या बाईच्या मनगटाला दोन वर्षं हे ठाऊक होतं, तिला कुणी विचारलं नव्हतं. मीही त्यातलीच. मी तिला मदत केली, पण विचारलं नाही.

मी लगेच पळत जाऊन सरांना सांगितलं असेल असं वाटेल. नाही. पाच दिवस म्हणजे पाच दिवस. उरलेले तीन दिवस पाय चौकोनात रोवून मोजलं, आणि शटरपाशी व आतल्या भिंतीपाशी टीम लीडरकडून एकेक तापमापी लावून घेतला. शुक्रवारी पाची तक्ते सरांपुढे ठेवले. त्यांनी ते उभ्या उभ्या दोनदा वाचले. मग बाह्या सारल्या, ताईंच्या जागेवर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, “ताई, एक गाडी मला द्या. बाहेरचीच पट्टी द्या.”

तो देखावा मी म्हातारी झाले तरी सांगेन. सरांनी वरचा कोपरा धरला, तो सुटला. परत धरला. बाजूची पट्टी बसवली, तर वरची उठली. गाडी चालली पुढे, सर तिच्याबरोबर, मागून ताई, “सायब, कडंनं दाबा, कडंनं!” शेजारच्या जागेवरची माणसं तोंड फिरवून खांदे हलवत होती. गाडी हद्दीबाहेर गेली तेव्हा पट्टी अर्धी लोंबत होती आणि सरांचे अंगठे टोमॅटोसारखे लाल झाले होते. त्यांनी स्वतः दोरी ओढली.

“तुम्ही सांगितलं का नाही हे कधी?” त्यांनी विचारलं.

“इचारलं कुनी?” ताई म्हणाल्या. तक्रारीच्या सुरात नाही, साधंच.

सर म्हणाले, “मी तुम्हाला सगळ्यांसमोर निष्काळजी म्हणालो. उद्या सगळ्यांसमोर परत घेतो.” आणि घेतलं. अशी माणसं कंपनीत असतात, हेही मी तिथेच शिकले.

पुढचं सगळं भराभर झालं. ट्रॉली आतल्या भिंतीशी नेली. तिच्यासाठी गरम हवेचं एक बंद कपाट करायचं ठरलं आणि त्याचं ड्रॉइंग माझ्याकडे आलं. तीन वेळा चुकलं, चौथ्यांदा जमलं. त्या कपाटाच्या दाराची मूठ मी स्वतःच्या हाताने बसवली. सात वाजताची पट्टीही आता दहा वाजताच्या पट्टीसारखी मऊ निघायची. दोन आठवडे पाण्याच्या चाचणीत त्या दरवाज्यातून थेंब आला नाही. सुधारणेचा कागद फलकावर लागला, त्यात नावासाठी एकच छोटी चौकट होती. मी ताईंचं नाव वर लिहिलं आणि खाली माझं कोंबलं. खोटं कशाला बोलू, माझं नाव सोडायला मी काही संत नाही.

जानेवारीच्या शेवटी आमचे सहा महिने संपले. निघायच्या दिवशी सरांनी आम्हा दोघांना बोलावलं आणि कॉलेजला पाठवायच्या पत्राची प्रत दिली. पुढच्या वर्षी सहा विद्यार्थी पाठवावेत, असं त्यात होतं. माझ्याबद्दल एक ओळ होती, ‘चूक स्वतः येऊन सांगते, उलट उत्तर देते, दोन्ही कामाचं आहे.’ माझा दोस्त म्हणाला, “यातलं अर्धं फ्रेम करून लाव.” मागच्या वर्गातल्या मुलींना मी फोन केला, तर चौघी एकदम ओरडल्या, आणि मंचरच्या स्टँडवर उभी राहून मी त्यांच्यापेक्षा मोठ्याने ओरडले. लोक बघत होते. बघू देत.

दुसऱ्या दिवशी घरी गेले. वडील भाताच्या रोपांच्या जागेवर झाडांच्या तोडलेल्या फांद्यांचं टहाळ पसरत होते, पुढे ते तिथेच जाळायचं असतं. मी बांधावर उभी राहून पत्र सगळं वाचून दाखवलं, कपाटाचं सांगितलं, सेकंदांचं सांगितलं, साहेबांच्या अंगठ्यांचं तर दोनदा सांगितलं. वडील टहाळ हातात तसंच धरून ऐकत होते. माझं संपल्यावर म्हणाले, “लई चांगलं केलं पोरी. आन् त्या बाईचं अंगठं? दुखायचं थांबलं का?”

चाळीस पानांचा अहवाल मी लिहिला होता. त्यात तापमान होतं, सेकंद होते, गळती होती. अंगठे नव्हते. शेवटचा महिनाभर बसमध्ये मी ताईंच्या शेजारी बसून मोबाइलवर सादरीकरणाची चित्रं जुळवत होते आणि त्या डुलक्या घेत होत्या. त्यांच्या हातांकडे मी पाहिलंच नव्हतं. तिथेच बांधावरून ताईंना फोन लावला आणि आधी इकडचं तिकडचं न बोलता थेट विचारलं.

“आगं, कशाचं दुखतंय आता,” ताई हसल्या. “दोन थंड्या मला भाकर थापता येत नव्हती बघ. आंगठा टेकला का कळ निघायची. लेक थापायची, शाळंत जायच्या आधी, तिची पयली घंटा चुकायची. आता हफ्ता झाला, मीच थापते. तिला म्हणलं, उठ हितनं, तू तुझी येळंवर जा.”

फोन मी वडिलांना ऐकू जावा म्हणून मोठ्या आवाजात ठेवला होता. पत्र माझ्या दुसऱ्या हातात होतं. खरं सांगते, ते पत्र वाचताना माझी छाती फुगली होती, पण रडू आलं नव्हतं. ते आत्ता आलं, आणि मला त्याची काडीची लाज वाटली नाही.